घोडा मागे, कुटुंब पुढे

महिंद्राची स्कॉर्पिओ ऑस्ट्रेलियात विकली जाते तेव्हा तिच्या माहितीपत्रकात इंजिन, आसनं आणि एअरबॅगच्या रांगेत आणखी एक आकडा छापलेला असतो: ब्रेक असलेला ट्रेलर २,५०० किलोपर्यंत, ब्रेक नसलेला ७५० किलोपर्यंत. ही नवी स्कॉर्पिओ, म्हणजे स्कॉर्पिओ-एन, चाकणला तयार होते; जुनी २००२ पासून नाशिकच्याच कारखान्यातून बाहेर पडते आहे. पण नाशिकच्या शोरूममध्ये जाऊन हा आकडा विचारून बघा. विक्रेता मायलेज सांगेल, सनरूफ उघडून दाखवेल, जुन्या गाडीचं काय येईल ते सांगेल. ओढण्याच्या वजनाचं विचारलं की तो आधी गोंधळतो आणि मग विचारतो, "ओढायचं काय आहे, साहेब?" घोडा, असं उत्तर मिळालं की त्याला हसू आवरत नाही.

त्याच्या हसण्याला कारण आहे. हा प्रश्न त्याला सहसा कुणी विचारतच नाही. पण विचारणारी माणसं नाशिकमध्ये आहेत. गंगापूर धरणाच्या बाजूला, मखमलाबाद-दिंडोरीकडच्या मळ्यांत एखाद-दुसरा मारवाडी किंवा काठेवाडी घोडा हौसेने बांधलेला दिसतो. भोसला मिलिटरी स्कूलने १९३७ पासून या शहरातल्या मुलांना खोगिरावर बसवलं. त्यांतल्या काहींची ती गोडी पन्नाशीतही गेलेली नाही. येवल्याचा मंगळवारचा बाजार घोड्यांसाठी ओळखला जातो. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरली की नाशिकमधून बघे जातात तसे घेणारेही जातात. घोडा घेतला की तो घरी आणावा लागतो, पुढे नालबंदाकडे, डॉक्टरकडे, स्पर्धेला, मित्राच्या मळ्यावर न्यावा लागतो. मग घरात विषय निघतो: गाडी तशीही बदलायचीच आहे, तर अशीच घ्यावी का, की रोज मुलांना शाळेत सोडेल आणि गरज पडली की मागे घोडा ओढेल?

ब्रिटनमध्ये किंवा ऑस्ट्रेलियात हा प्रश्न सरळ सुटतो. गाडीचा ओढण्याचा आकडा बघायचा, ट्रेलरचं भरलेलं वजन बघायचं, पहिला दुसऱ्यापेक्षा पुरेसा मोठा असला की झालं. ब्रिटनने १६ डिसेंबर २०२१ पासून साध्या मोटारीच्या लायसनवर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढायला मोकळीक दिली. आपल्याकडे त्या हिशेबातली पहिली रक्कमच कोरी आहे. बहुतेक मोटारींच्या भारतीय कागदपत्रांत हा आकडा नसतो आणि काही पुस्तिकांत तर ट्रेलर ओढू नका असंच लिहिलेलं असतं. त्यामुळे अमुक गाडी चांगली की तमुक, ही चर्चा आपल्याकडे उलट्या टोकाने सुरू होते. आधी घोडा कसा जाणार ते ठरवायला हवं. गाडीची पाळी त्यानंतर.

तरी वजनाचा हिशेब मांडू, कारण तो कुठल्याही देशात बदलत नाही. मारवाडी किंवा काठेवाडी घोडा ३५० ते ४५० किलोच्या आसपास भरतो. शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड पाचशेच्या जवळ जातो. दोन घोड्यांचा ब्रिटिश पद्धतीचा ट्रेलर रिकामाच ९०० ते १,१०० किलोचा असतो. एका घोड्याचा सातशे-आठशेचा. खोगीर, पाण्याचे कॅन, चाऱ्याची पोती यांचे पन्नास-साठ किलो धरले तर एक घोडा म्हणजे सव्वा टन आणि दोन घोडे म्हणजे दोन टनांच्या जरा अलीकडे. यातली कुठलीही बेरीज ७५० किलोच्या खाली येत नाही. म्हणजे ब्रेक नसलेल्या घोडा-ट्रेलरचा विचार पहिल्याच पायरीला सोडून द्यायचा.

परदेशी ट्रेलरचे ब्रेक साधे पण हुशार असतात. पुढची गाडी थांबायला लागली की ट्रेलर तिच्यावर रेटा देतो. त्या रेट्याने जोडदांडीतला दट्ट्या आत सरकतो आणि ट्रेलरच्या स्वतःच्या चाकांचे ब्रेक लागतात. दांडी सुटलीच तर एक बारीक तार ताणली जाऊन तुटते आणि तुटता तुटता ट्रेलरचा हातब्रेक ओढते. निफाडकडच्या रस्त्यांवर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या डुलत जाताना पाहिलेल्या माणसाला ही चैन वाटेल. आपल्याकडे ट्रेलर म्हटलं की डोळ्यांसमोर ती ट्रॉलीच येते, आणि गडबडीचं मूळ तिथेच आहे. अंबड-सातपूरचा फॅब्रिकेटर सांगाल तसा सांगाडा वेल्डिंग करून देईल, रंगही फक्कड लावेल. पण ट्रॉलीच्या हिशेबाने बनवलेल्या त्या सांगाड्यात जिवंत जनावर घालून साठच्या वेगाने निघायचं म्हणजे नशिबाशी खेळ आहे.

घोडा हा बांधून ठेवलेला माल नसतो. तो वळणावर पाय फाकवून तोल सावरतो, ब्रेक लागला की मागच्या पायांवर बसतो, शेजारून ट्रकचा हॉर्न वाजला की एका अंगाला झुकतो. ट्रेलरचा भार उंचावर आणि हलता असतो. म्हणून ओढणाऱ्या गाडीचं स्वतःचं वजन आणि तिच्या चाकांमधलं अंतर हे ताकदीइतकेच महत्त्वाचे असतात. ब्रिटनमध्ये नवख्यांना सांगतात की भरलेल्या ट्रेलरचं वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा. हा कायदा नाही, अनुभवाचा नियम आहे, पण घाटात तो पाळलेला बरा. जोडदांडी गाडीच्या मागच्या जोडाच्या गोळ्यावर साधारण ५० ते १०० किलो वजन देत असावी. कमी पडलं तर ट्रेलर शेपटीसारखा डावा-उजवा व्हायला लागतो आणि जास्त झालं तर गाडीचं नाक उचललं जातं. दोन खणांच्या ट्रेलरमधून एकच घोडा न्यायचा असेल तर तो उजव्या खणात घालतात. आपल्याकडे गाडी डावीकडून चालते, रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो, त्यामुळे भार उंच बाजूकडे राहिलेला चांगला.

आता घाट. नाशिकहून घोडा कुठेही न्यायचा तर घाट चुकत नाही. मुंबईकडे कसारा, पुण्याच्या वाटेवर संगमनेरपुढे चंदनापुरी, धुळ्याच्या वाटेवर चांदवडजवळ राहुड, गुजरातकडे सापुतारा. कसाऱ्याचा चढ किती आहे हे रेल्वेच सांगते: तिथे ३७ला १ असा चढ असल्याने गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं लावावी लागतात. इगतपुरी ते कसारा या टप्प्यात सुमारे तीनशे मीटर उतरावं लागतं. गाडी, माणसं, ट्रेलर आणि दोन घोडे मिळून चार टन धरले तर एवढ्या उतारात जी ऊर्जा जिरवावी लागते तिच्यात ३७ लिटर गार पाणी उकळेल. त्यातला काही भाग हवा आणि टायर खातात. उरलेला एकतर इंजिनाने रोखायचा, नाहीतर ब्रेकच्या चकत्यांनी. चकत्या तापून ब्रेक सैल पडायला लागले की पुढे वळण असतं आणि मागे दोन जिवंत प्राणी. चढताना त्याच चार टनांचं गणित असं: शंभरात सहाचा चढ असेल तर सुमारे २४० किलोचा ओढा सतत मागे खेचत असतो. इंजिन तो ओढेल. प्रश्न क्लचचा, गिअरबॉक्सच्या तेलाचा आणि रेडिएटरचा आहे. घाटात मधेच थांबून पुन्हा निघावं लागलं की हातगिअरच्या गाडीचा क्लच वास मारायला लागतो. टॉर्क कन्व्हर्टरची ऑटोमॅटिक इथे सोयीची, पण तिच्या तेलाला थंड ठेवण्याची तजवीज हवी.

या कसोटीवर नाशिकच्या रस्त्यांवर रोज दिसणाऱ्या गाड्या लावून बघू.

बोलेरो आधी, कारण घरोघरी तीच आहे. शिडीसारख्या मजबूत चौकटीवर उभी, मागच्या चाकांना ताकद, दुरुस्ती कुठल्याही गावात. पण तिचं इंजिन ७५ अश्वशक्तीचं आणि टॉर्क २१० न्यूटन-मीटर. सहा माणसं घेऊन राहुड घाट चढताना तिला जी धाप लागते ती ऐकलेल्या माणसाला सव्वा टनाचा ट्रेलर जोडायचं धाडस होणार नाही. जुन्या बांधणीची स्कॉर्पिओ, आता जिला क्लासिक म्हणतात, १३० अश्वशक्तीची आणि ३०० न्यूटन-मीटरची. एक घोडा आणि हलका ट्रेलर ही तिच्या आवाक्यातली गोष्ट वाटते. तिच्याच कुळातली पिक-अप ऑस्ट्रेलियात २,५०० किलोच्या आकड्यासह विकली गेली. पण ती चुलतभावंडाची साक्ष झाली. आपल्या गाडीच्या कागदावर ती उतरत नाही.

थारकडे तरुणांचं लक्ष जातं. दिसायला दणकट, चारही चाकांना ताकद, लो रेंज गिअर, ओल्या शेतातून बाहेर निघायला अव्वल. इंजिनही तेवढंच, १३० अश्वशक्तीचं. मात्र तीन दारांच्या थारच्या पुढच्या-मागच्या चाकांत जेमतेम २,४५० मिलिमीटर अंतर आहे. आखूड गाडीला मागचा ट्रेलर सहज वळवतो, आणि घोड्याने अंग झुकवलं की ते चालकाच्या हाताला जाणवतं. शिवाय मागच्या बाकावर चढताना घरातल्या आजी काय म्हणतील ते वेगळं. घोड्यासाठी थार घ्यावी, असं मी कुणाला सांगणार नाही. जिम्नीला परदेशात १,३०० किलोचा आकडा मिळाला आहे. तो कागदावर एका घोड्याला पुरेल, पण हजार-बाराशे किलोच्या गाडीमागे सव्वा टनाचा ट्रेलर म्हणजे ८५ टक्क्यांच्या नियमाची थट्टाच.

स्कॉर्पिओ-एन हा खरा उमेदवार आहे. डिझेल ऑटोमॅटिकला १७२ अश्वशक्ती, ४०० न्यूटन-मीटर, चाकांमधलं अंतर २,७५० मिलिमीटर, चौकटीची बांधणी, हवी असल्यास चारही चाकांना ताकद. ऑस्ट्रेलियात ज्या यंत्रजोडीला २,५०० किलो ओढायची मुभा आहे तीच ही. एका घोड्याचं काम ती सहज करेल, दोघांचं बेताने. तिसऱ्या रांगेत माणसं बसवून दोन घोडे ओढायचा बेत मात्र करू नये. ओढण्याच्या आकड्याबरोबर परदेशात गाडी आणि ट्रेलर मिळून एकूण वजनाचीही मर्यादा दिलेली असते आणि गाडीत बसलेला प्रत्येक पाहुणा त्या मर्यादेतून वजा होतो.

फॉर्च्युनरबद्दल नाशिककरांना सांगायची गरज नाही. राजकारणातला माणूस ओळखायची ती खूणच झाली आहे. पण ओढायच्या कामाला ती अस्सल आहे. २.८ लिटरचं डिझेल इंजिन, ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन-मीटर, दोन टनांवर स्वतःचं वजन. ऑस्ट्रेलियात तिला ३,१०० किलोची परवानगी. ८५ टक्क्यांचा नियम लावला तरी दोन मध्यम घोडे तिच्या मागे बसतात. किंमत पस्तीस-चाळीस लाखांच्या घरात जाते आणि तिथे हिशेब करणारा माणूस थबकतो, कारण तेवढ्या पैशांत एक चांगली घरगुती गाडी आणि वर एक नवा पिकअप येतो. इसुझूची व्ही-क्रॉस आणि टोयोटाची हायलक्स या दुहेरी केबिनच्या गाड्यांना चाकांमध्ये तीन मीटरहून जास्त अंतर आहे, त्यामुळे ट्रेलर मागे शांत राहतो. त्यांच्या परदेशी भावंडांना साडेतीन टनांपर्यंत मुभा आहे. पण पाच माणसांच्या घराला सामान उघड्या हौद्यात टाकून पावसाळा काढायचा असतो, आणि महात्मानगरच्या गल्लीत पाच मीटरहून लांब गाडी उभी करायची असते.

सफारी, एक्सयूव्ही७००, हायक्रॉस या आजच्या लाडक्या गाड्या वेगळ्या जातीच्या. यांना स्वतंत्र चौकट नसते, सगळं शरीर एकसंध असतं, आणि ताकद बहुधा पुढच्या चाकांना. एकसंध शरीर म्हणजे दुबळं असं नाही; एक्सयूव्ही७००ला ऑस्ट्रेलियात १,५०० किलोची मुभा मिळालीच आहे. पण ट्रेलरचा जोड कुठे बसवायचा हे तिथे कंपनीने ठरवून दिलेलं असतं. इथे तो बाजारातून आणून बसवला तर बोल्ट कुठल्या पत्र्याला कसले आहेत कुणास ठाऊक. शिवाय दांडीचं वजन मागे पडलं की पुढची चाकं हलकी होतात आणि इगतपुरीच्या पावसात चिखलाच्या वाटेवर ती नुसती फिरत राहतात. इनोव्हा क्रिस्टा मात्र जुन्या वळणाची आहे: चौकट आहे, मागच्या चाकांना ताकद आहे, डिझेल आहे. घरातल्या सगळ्यांना एकमताने चालणारी ती गाडी असेल, आणि एका घोड्यापुरती मी तिला या यादीत ठेवेन. विजेच्या गाड्यांबद्दल एवढंच: ओढताना त्यांचा पल्ला निम्म्यावर येतो हा परदेशातला सर्वसाधारण अनुभव, आणि घोडा मागे असताना चार्जिंगच्या रांगेत ट्रेलरसकट उभं राहायला जागा नसते.

जोडाचा विषय निघालाच आहे तर एक गंमत. नाशिकमध्ये कितीतरी गाड्यांच्या मागे लोखंडी गोळा दिसतो. तो ओढायला नसतो. मागून कुणी बंपर ठोकू नये म्हणून ॲक्सेसरीच्या दुकानातून बसवलेला असतो, आणि बऱ्याचदा दोन बोल्टांवर लटकत असतो. खरा जोड चौकटीला ठरलेल्या ठिकाणी बसतो, त्याच्यावर किती वजन चालेल याची पट्टी असते, आणि बाजूला ट्रेलरच्या दिव्यांसाठी सॉकेट असतं. पुढच्या क्रॅश गार्डविरुद्ध केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवलं तेव्हा बोट ठेवलं ते मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर. कंपनीने दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार गाडीत करू नका, असं ते कलम सांगतं. ज्या गाडीला कंपनीने ओढण्याचा आकडाच दिला नाही तिला बाहेरून जोड बसवला तर हेच कलम मालकाच्या अंगावर येऊ शकतं, आणि अपघात झाला तर विमा कंपनीच्या हातात आयतं हत्यार जातं.

ट्रेलरचीही कायद्यातून सुटका नाही. १९८८ च्या कायद्यात मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो, त्यामुळे त्याला नोंदणी लागते, विमा लागतो. कलम ६१ प्रमाणे ट्रेलरचा स्वतःचा क्रमांक आणि तो ओढणाऱ्या गाडीचा क्रमांक, दोन्ही त्याच्यावर दिसायला हवेत. ट्रेलरचे वजनाप्रमाणे वर्ग आहेत. पाऊण टनापर्यंतचा एक, पाऊण ते साडेतीन टनांचा दुसरा. घोडा-ट्रेलर दुसऱ्यात पडतो. रीतसर नोंदवायचा तर त्याचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. अशा संस्था आपल्याला लांब नाहीत: पुण्याला एआरएआय, अहिल्यानगरला व्हीआरडीई. पण एकुलत्या एका ट्रेलरसाठी हा खटाटोप कुठला फॅब्रिकेटर करणार? आरटीओतल्या माणसाला ट्रॅक्टरची ट्रॉली चांगली ठाऊक असते. खाजगी मोटारीमागचा घोडा-ट्रेलर एमएच-१५ च्या खिडकीवर गेला तर त्याच्यासाठी कुठला अर्ज काढायचा इथूनच बोलणं सुरू होईल.

यात घोड्यासाठी खास नियमही आहेत, आणि ते घोडेवाल्यांनाही फारसे माहीत नसतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२५-ई हा नियम १ जानेवारी २०१६ पासून सांगतो की जनावरं नेणाऱ्या वाहनात कायमचे कप्पे हवेत, आणि घोड्याच्या कप्प्याला किमान २.२५ चौरस मीटर जागा हवी. म्हणजे साधारण २४ चौरस फूट. त्या वाहनातून दुसरा माल न्यायचा नाही आणि आरटीओची खास परवानगी घ्यायची. त्याआधीचे १९७८ चे जनावर वाहतुकीचे नियम तर वाचण्यासारखे आहेत. घसरणार नाही असा तळ हवा, घोड्यांच्या मधे किमान आठ सेंटिमीटर जाडीचे बांबू हवेत, मागे दोन भक्कम आडवे दांडे हवेत, सोबत एक माणूस हवा, आणि वेग ताशी ३५ किलोमीटरच्या वर न्यायचा नाही. बांबूची जाडी ठरवणाऱ्या माणसाने घोडा जवळून पाहिला होता यात शंका नाही. पस्तीसचा वेग मात्र आजच्या महामार्गावर पाळायचा तर मागून येणाऱ्या कंटेनरवाल्याच्या शिव्या खाव्या लागतील. नाशिकहून मालेगाव, धुळे, दोंडाईचा करत सारंगखेडा सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर पडतं. नियमाप्रमाणे गेलं तर साडेसहा-सात तास, मधल्या विसाव्याशिवाय. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाला, पण तो सारंगखेड्याच्या वाटेवर येत नाही आणि पस्तीसने चालणाऱ्याची ती जागाही नव्हे.

(जाता जाता: घोड्यांच्या बाजारासाठी मालेगावला जायचं असं कुणी म्हटलं तर आधी विचारून घ्यावं. घोड्यांची यात्रा भरते ती नांदेड जिल्ह्यातल्या खंडोबाच्या माळेगावला, आपल्या यंत्रमागांच्या मालेगावला नाही.)

आता प्रत्यक्षात काय होतं ते बघू. या भागातला घोडा पिकअपमधून जातो. दोन-चार घोडे असले तर ४०७ किंवा आयशर. मातीच्या उंचवट्याला गाडी मागे लावायची, फाळका खाली टाकायचा, मोतद्दार मोरकी धरून आत शिरतो आणि घोडा त्याच्या मागून. शर्यतीच्या घोड्यांचा थाट वेगळा: महालक्ष्मी आणि पुणे इथल्या रेसकोर्सेसच्या हंगामाप्रमाणे त्यांची ये-जा खास बांधलेल्या बंद गाड्यांतून होते, मोटारीमागच्या ट्रेलरमधून नाही. म्हणजे ज्यांच्याकडे पैसा आहे, अनुभव आहे आणि लाखमोलाचा घोडा आहे त्यांनीही इथे ट्रेलरची वाट धरलेली नाही. याला मी नुसती सवय म्हणणार नाही. एकाच चौकटीवरची गाडी घाटात जास्त विश्वासाची असते, अरुंद वाटेवर मागे घेता येते, टोलनाक्यावर आणि पोलिसासमोर तिची ओळख सांगावी लागत नाही.

आकड्यांतही पिकअप हरत नाही. मोठ्या बोलेरो पिकअपचा हौदा सुमारे दहा फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद असतो. म्हणजे ५५ चौरस फूट. नियमाप्रमाणे दोन घोड्यांना ४८ लागतात. वजनाला पावणेदोन टनांपर्यंतची परवानगी, तेव्हा दोन घोडे, कप्प्यांचं लोखंड आणि मोतद्दार मिळून निम्म्याहून थोडं जास्त भरतं. चालवायला वेगळं लायसन लागतं हा समजही आता जुना झाला: सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला निकाल दिला की हलक्या वाहनाच्या लायसनवर ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं. एकूण वजन ३,००० किलोच्या आत असेल तर त्या मालवाहू गाडीला परमिटही लागत नाही. उणिवा आहेत. हौद्याचा तळ उंच असतो, त्यामुळे उतरणीची फळी लांब हवी, नाहीतर घोडा उडी मारतो आणि पायाला इजा होते. पानपट्ट्यांच्या स्प्रिंगा रिकाम्या गाडीत दणके देतात. वर छप्पर नसलं की ऊन-वारा आणि डोळ्यांत कचरा. पण पत्र्याचं छप्पर, तळाला जाड रबर, बाजूंना गादी, मधे काढता येणारा कप्पा आणि सहा-सात फुटी फळी ही कामं अंबडचा फॅब्रिकेटर उत्तम करतो, कारण ती त्याच्या रोजच्या हातातली आहेत.

डोकं फार आखूड बांधू नये, हे गाडी कुठलीही असो. घोडा मान खाली नेऊ शकला नाही तर श्वासनलिकेतला कफ आणि धूळ बाहेर पडत नाही आणि लांबच्या प्रवासानंतर फुप्फुसाला सूज येते. तीन-चार तासांनी थांबून पाणी, मान मोकळी, थोडा चारा. चांदवडच्या आसपास सावलीची जागा बघून हा विसावा घेतला तर पुढचा धुळ्यापर्यंतचा पल्ला घोड्याला सुसह्य होतो.

मग कुणी काय घ्यावं? वर्षातून चार-सहा वेळा घोडा हलवायचा असेल तर गाडी घरच्या माणसांच्या गरजेने घ्यावी आणि घोड्यासाठी पिकअप भाड्याने करावा. हे उत्तर कंटाळवाणं आहे, पण नाशिकच्या दहांतल्या नऊ घरांना तेच लागू पडतं. तबेल्यात तीन-चार घोडे असतील आणि दर महिन्याला पुण्या-मुंबईच्या स्पर्धांना जायचं असेल तर स्वतःचा पिकअप घेऊन तो नीट बांधून घ्यावा. दहा-बारा लाखांत काम होतं आणि घरची गाडी मोकळी राहते. ट्रेलरच हवा असा आग्रह असलेला माणूस उरतोच. त्याने चौकटीवरची, डिझेलची, दोन टनांच्या आसपासची गाडी बघावी: घोडा एक असेल तर स्कॉर्पिओ-एन, दोन असतील तर फॉर्च्युनर किंवा दुहेरी केबिनची. पैसे भरण्याआधी कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावं की या मॉडेलला भारतात जोड बसवून किती वजन ओढता येईल, जोड कंपनी देईल की नाही, आणि वॉरंटी टिकेल की नाही. शोरूममधल्या तोंडी "होऊन जाईल"ला काही अर्थ नाही. विमा कंपनीकडून ट्रेलर पॉलिसीत लिहून घ्यावा. हे कागद हातात आले नाहीत तर गाडी घ्यावी, ट्रेलर घेऊ नये.

भाड्याच्या पिकअपचंही एक सांगून ठेवतो. दत्तजयंतीच्या आठवड्यात घोडा भरण्याची सवय असलेले पिकअपवाले आधीच ठरलेले असतात आणि उरतात ते कांदा नेणारे. कांद्याचा चालक वाईट नसतो, पण त्याचा पाय ब्रेकवर पोत्यांच्या हिशेबाने पडतो. म्हणून नोव्हेंबरातच बोलून ठेवावं, हौद्यात कप्पा आणि रबर आहे का ते स्वतः जाऊन बघावं, पशुवैद्यकाचा दाखला निघायच्या आधी काढून गाडीत ठेवावा, आणि मोतद्दाराला पुढे केबिनमध्ये न बसवता त्याला घोडा दिसेल अशा जागी बसायला सांगावं.